स्वयंपाकघर नव्याने करायचंय: फ्लॅट-पॅक कॅबिनेट घेऊन ३ लाखांत बसेल का?

अर्धा नारळ | १४ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज अडले म्हणून धागा काढतेय.

घर गोव्यात, डिचोलीला. सासऱ्यांनी १९८८ साली बांधलेलं, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, वर स्लॅब. स्वयंपाकघर ११ बाय ९. ओटा चिऱ्यांच्या पायांवर टेकवलेला आणि त्याखाली पडदा. हो, अजून पडदाच आहे. त्यामागे काय काय आहे ते सासूबाई सोडून कुणालाच पूर्ण ठाऊक नाही.

आता एल आकाराचा ओटा हवाय, एक बाजू ११ फूट, दुसरी ७. खाली ड्रॉवर, वर कपाटं, आणि एक उंच कपाट पुरुमेंतासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीसाठी. मे महिन्यात सोलं, मिरच्या, सुकी मासळी, उकडे तांदूळ असं सगळं एकदम घरात येतं आणि गणपतीपर्यंत जेवणाच्या टेबलाखाली मुक्काम ठोकतं.

तीन आकडे मिळालेत. म्हापशाच्या एका मॉड्युलर शोरूमने ४ लाख १५ हजार सांगितले. आमच्या नेहमीच्या मेस्ताने (सुताराने) २ लाख ६० हजार, प्लाय आणि मजुरी धरून. आणि पुण्यातला एक कारखाना फ्लॅट-पॅक कॅबिनेट पाठवतो, म्हणजे फळ्या, स्क्रू, बिजागऱ्या खोक्यांत येतात आणि आपण जोडायचं. त्यांच्या यादीवरून मी बेरीज केली ती १ लाख ४८ हजार.

एकूण बजेट ३ लाख. शेगडी जुनीच ठेवणार, चिमणी नंतर बघू. १ लाख ४८ हजार वजा केले तर हातात अर्धे पैसे उरतात, हे इतकं सोपं असेल असं वाटत नाही. मी काय विसरतेय?

---

कडप्पावादी | १४ जानेवारी, रात्री ११:१५

ताई, तुम्ही ओटा विसरताय. यादीत डबे आहेत, त्यावरचा दगड नाही. सिंक नाही, नळ नाही, टाइल नाही.

माझं मत विचाराल तर हे फळ्यांचे डबे गोव्यात आणूच नका. फोंड्याला माझ्या घरी १९९६ साली कडप्प्याच्या उभ्या-आडव्या फरशा लावून कप्पे केले. एवढ्या वर्षांत फक्त दारं दोनदा बदलली. वाळवी लागत नाही, फुगत नाही, शनिवारी पाइप लावून धुता येतं.

---

पोईभाजी | १५ जानेवारी, सकाळी ८:०२

काका, कडप्प्याचे कप्पे म्हणजे गुडघ्यावर बसून आत हात घालायचा आणि मागचा डबा काढायला पुढचे सात काढायचे. माझ्या आईचे गुडघे त्यातच गेले. ड्रॉवरला पर्याय नाही.

@अर्धा नारळ, उंची बघितलीत का? मी नवी मुंबईला तुर्भ्याच्या आयकियात (२०२० च्या डिसेंबरात उघडलं ते) फक्त टेप घेऊन दोन तास फिरलो होतो. त्यांच्या मेटॉड कॅबिनेटचा सांगाडा ८० सेंमी उंच, खाली ८ सेंमीचे पाय. वर २ सेंमीचा दगड टाकला की ९० झाले. माझी आई तिथे उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यावर पीठ मळायचं की ह्यावर हनुवटी टेकायची?"

---

अर्धा नारळ | १५ जानेवारी, दुपारी १:३०

हे वाचून सासूबाईंना भिंतीला उभं करून मोजलं. उंची ४ फूट १० इंच, कोपर जमिनीपासून ९१ सेंमीवर. म्हणजे ९० चा ओटा त्यांच्या बरोब्बर कोपराला लागणार. त्यांना वाटलं मी ब्लाउजचं माप घेतेय.

पुण्याच्या कारखान्याचा सांगाडा ७२ सेंमीचा आहे, पाय १० चे.

---

गुण्या-ओळंबा | १५ जानेवारी, रात्री ९:२०

मडगावला साइटवर असतो, रोज हेच बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ओट्याची उंची कोपरापेक्षा १० ते १५ सेंमी खाली. ७२ अधिक १० अधिक दगडाचे २ म्हणजे ८४. सासूबाईंसाठी अजून दोन-तीन सेंमी कमी चाललं असतं, पण प्लास्टिकचे पाय फिरवून तेवढं खाली येतं. ७२ चाच सांगाडा घ्या.

आता खरी गोष्ट. फ्लॅट-पॅक डबा कारखान्यात काटकोनात कापलेला असतो. तुमची चिऱ्याची भिंत काटकोनात नाही. न बघता सांगतो, कारण मी अजून सरळ भिंत पाहिलेली नाही. मेस्त जागेवर फळी तासून भिंतीला भिडवतो, खोक्यातली फळी तासता येत नाही. तेव्हा ऑर्डर देण्याआधी लांबी तीन उंचींवर मोजा: जमिनीलगत, ओट्याच्या पातळीवर आणि वरच्या कपाटाच्या पातळीवर. तिन्हींत सर्वांत लहान येईल ते खरं माप. मग कोपऱ्यातून एका भिंतीवर ३ फुटांवर खूण, दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर खूण, आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर मोजा. ५ फूट आलं तर गुण्यात (काटकोनात) आहे. जास्त आलं तर कोपरा फाकलाय, कमी आलं तर मिटलाय.

जमिनीचा उतारही बघा. ८८ सालच्या घरात उतार मोरीकडे काढलेला असणारच. पाण्याच्या नळीने लेव्हल घ्या. तीन सेंमीपर्यंत फरक पाय गिळतात, त्यापुढे गवंड्याला बोलवा.

आणि भिंत पश्चिमेची आहे का? चिरा पाणी पितो. पावसाळ्यात बाहेरून प्यालेलं पाणी आत गिलाव्यावर येतं. तिथे वरचं कपाट टांगलंत तर त्याची पाठ कुजणार, मग ते कपाट शोरूमचं असो की मेस्ताचं.

---

वाळपईकर | १५ जानेवारी, रात्री ९:५५

पश्चिमेच्या भिंतीबद्दल +१००. आमच्याकडे तर पावसात देवघरातल्या फ्रेममधले देवसुद्धा कागदाला चिकटतात.

---

सोलकढी दोन वाट्या | १६ जानेवारी, सकाळी ११:१०

माझी कहाणी ऐका आणि मग ठरवा. ताळगावच्या फ्लॅटमध्ये चार वर्षांपूर्वी फ्लॅट-पॅक बसवलं, नाव घेत नाही. दिसायला देखणं. दुसऱ्या पावसाळ्यात सिंकखालचा डबा गेला. पाणी शुद्ध करायच्या यंत्राची बारीक नळी जोडापाशी थेंब थेंब गळत होती, कळलंच नाही. एके दिवशी दार उघडलं तर तळाची फळी चहात बुडवलेल्या उंड्यासारखी (पावासारखी) फुगलेली. बोट लावलं तर भुसा हातात. बिजागरीचे स्क्रू धरायला काही उरलंच नव्हतं, दार माझ्या पायावर पडलं.

बाकीचे नऊ डबे मात्र आजही ठणठणीत आहेत. राग आहे तो एका डब्यावर.

---

समुद्रकाठचा | १६ जानेवारी, दुपारी ३:४५

@सोलकढी, तुमची फळी पार्टिकल बोर्डची असणार. लाकडाचा चुरा आणि युरिया फॉर्मल्डिहाइडचा डिंक. वरचा मेलामाइनचा थर पाणी अडवतो, पण पाइपसाठी पाडलेल्या भोकाची कड उघडीच राहते आणि पाणी तिथूनच आत शिरतं. हा डिंक ओलाव्यात सुटतो, चुरा फुगतो आणि एकदा फुगला की वाळला तरी पूर्ववत होत नाही. मरीन प्लायमध्ये, म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असतो त्यात, फिनॉलचा डिंक असतो. त्याची चाचणीच ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून होते. नुसतं "वॉटरप्रूफ" छापलेलं आणि शिक्का नसलेलं प्लाय म्हणजे दुकानदाराचा शब्द, तेवढाच.

मधला पर्याय एचडीएचएमआर बोर्ड. तंतू दाबून घट्ट केलेला, ओलावा बराच सोसतो, स्क्रूही चांगला धरतो. पण त्यालाही पाण्यात उभं करायचं नाही.

मी मांद्र्याला राहतो, त्यामुळे लाकडापेक्षा लोखंडावर जास्त बोलू शकतो. बास्केट, जाळ्या, सिंक, जे काही स्टीलचं घ्याल ते ३०४ प्रतीचं आहे का विचारा, बिलावर लिहून घ्या. लोक लोहचुंबक लावून बघतात, त्याचा उपयोग नाही. २०२ प्रतीच्या स्टीललाही चुंबक तसाच चिकटत नाही. खाऱ्या वाऱ्यात २०२ वर तांबूस ठिपके यायला वेळ लागत नाही. डिचोलीला एवढा त्रास नसेल, पण सिंकखाली आणि मिठाच्या बरणीजवळ सगळीकडे मांद्रेच असतं.

---

कडप्पावादी | १६ जानेवारी, दुपारी ४:१०

म्हणून तर म्हणतो, कडप्पा.

---

पोईभाजी | १६ जानेवारी, दुपारी ४:१२

काका :)

---

गुण्या-ओळंबा | १६ जानेवारी, रात्री ८:३०

कडप्पावाल्या काकांचं अगदीच उडवून लावू नका. सिंकखाली फळीचा डबा लागतोच कशाला? तिथे ना ड्रॉवर बसतो ना काही नीट ठेवता येतं. तो एक डबा फ्लॅट-पॅकमधून वगळा, त्या जागी मेस्ताकडून मरीन प्लायचं खोकं करून घ्या, आतून लॅमिनेट, कडा सिलिकॉनने बंद. दार मात्र कारखान्याकडूनच मागवा म्हणजे रंग जुळेल.

---

अर्धा नारळ | १९ जानेवारी, रात्री १०:०५

तुम्ही सगळ्यांनी झोप उडवलीत माझी. रविवारी नवरा आणि दीर टेप, दोरी, पाण्याची नळी घेऊन दिवसभर लोळत होते.

लांब भिंत जमिनीलगत ३३१.८ सेंमी, वर ३३५. म्हणजे ३ सेंमी आणि वर थोडं, भिंत खाली पोट काढून उभी आहे. माझी मांडणी होती कोपऱ्याचा डबा ९०, सिंकचा ८०, मग ६०, ६० आणि ४०. बेरीज ३३०. आम्ही कागदावर ५ सेंमी मोकळे धरले होते, प्रत्यक्षात खाली पावणेदोन सेंमी. अगदी काठावर पास. उतार सव्वादोन सेंमी, मोरीकडेच. पश्चिमेची भिंत ७ फुटांची, तिच्यावरच मी वरची कपाटं काढली होती. ती आता लांब भिंतीवर सरकवली.

कोपऱ्यातलं तिरकं अंतर ५ फुटांवर पाऊण इंच आलं. कोपरा फाकलाय. सासरे ऐकत होते, म्हणाले, "तेव्हाचा मेस्त चांगला होता." कुणी काही बोललं नाही.

आता पैशांकडे या. शोरूमचे ४ लाख १५ आणि माझे १ लाख ४८, तुलना कशी करायची?

---

समुद्रकाठचा | १९ जानेवारी, रात्री १०:५०

आधी एक विचारा: शोरूमचा आकडा जीएसटी धरून की सोडून? सोडून असेल तर १८ टक्के म्हणजे वर ७४,७००, एकूण ४ लाख ८९ हजार ७००. दुसरं, मोजणी कशी? काही जण समोरून दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या चौरस फुटावर घेतात, काही धावत्या फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर. एल आकारात कोपऱ्याचे दोन फूट दोन्ही बाजूंना मोजलेले मी स्वतः पकडलेत.

मेस्ताच्या आकड्यात उलट भानगड. त्यात ड्रॉवरचे चॅनल, म्हणजे ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या पट्ट्या, कुठले धरलेत? साधे की आपोआप हळू बंद होणारे? वजन किती पेलतात, ३५ किलो की ४५? तुमच्या पुरुमेंताच्या बरण्यांना हा प्रश्न महत्त्वाचा आहे. किती शीट प्लाय लागेल तेही लिहून मागा. ८ बाय ४ च्या शीटमध्ये ३२ चौरस फूट असतात. साधा ६० सेंमीचा खालचा डबा दारासकट २०-२२ फूट खातो, कापाकापीचं वाया जाणारं वेगळं. तुमच्या कामाला अंदाजे १० शीट. त्याने १६ लिहिल्या तर उरलेल्या सहांचं टेबल कुणाच्या घरी जातं ते विचारा.

---

वाळपईकर | १९ जानेवारी, रात्री ११:३०

मेस्ताच्या बजेटमध्ये अजून एक रकाना घाला: "फाल्यां येतां" (उद्या येतो) चा. आमचा मेस्त रामनवमीला आला आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आदल्या दिवशी शेवटचं दार लावून गेला. गणपतीवरची माटोळी बांधायला शिडी हवी होती, तीही त्याने रंगवून ठेवलेली.

---

सोलकढी दोन वाट्या | २० जानेवारी, सकाळी ९:४०

फ्लॅट-पॅकच्या यादीत हमखास सुटतात त्या गोष्टी सांगते, मी स्वतः सुटलेल्या मोजल्यात. रांगेच्या टोकाला जिथे डब्याची कड दिसते तिथे दारांच्या रंगाचं वेगळं पॅनल लागतं. भिंत आणि डबा यांमधली फट झाकायला पट्टी लागते. खाली पाय झाकायला प्लिंथ आणि त्याच्या क्लिपा. हँडल. फ्रीजशेजारचं उंच पॅनल. एकेक किरकोळ, पण माझे १४ हजार वाढले.

खोकी आली की लगेच सगळी उघडून मोजा. पडवीत भिंतीला उभी टेकवून ठेवू नका, फळ्या वाकतात. आडवी ठेवा, खाली दोन रिपा घालून.

आणि मासळीचं काय ठरवलंय? नव्या सिंकमध्ये बांगडे साफ करणार असाल तर आत्ताच सांगा, मी रडून घेते.

---

अर्धा नारळ | २० जानेवारी, दुपारी १२:१५

मासळी मागच्या पडवीत! इथे आम्हा दोघींचं, सासूबाईंचं आणि माझं, पहिल्यांदा एकमत झालं. नारळ खवायला मात्र ओट्यावर जागा पाहिजे म्हणतात. विळीवर खाली बसणं आता जमत नाही, म्हणून ओट्याला अडकवायची खवणी आणलीय आणि तिला दगडाची कड पुढे आलेली लागते. गुण्या-ओळंबादादा, दगड दाराच्या पुढे किती काढायचा?

---

गुण्या-ओळंबा | २० जानेवारी, रात्री ९:००

दाराच्या पुढे २ ते ३ सेंमी. खवणीसाठी एका जागी ५ काढायला सांगा. पण पहिल्या ड्रॉवरच्या वर नको, खवणीचा स्क्रू ड्रॉवरला अडतो. ४० च्या दाराच्या डब्यावर घ्या.

विजेचंही आत्ताच करा, टाइल लागल्यावर नको. इंडक्शन २००० वॅट, किटली १५०० वॅट. दोन्ही एका लाइनवर एकदम चालवली की १५ अँपिअर झाले, आणि तुमच्या ८८ च्या वायरवर ते नको. इंडक्शनला मीटर-बोर्डापासून स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच). सॉकेट ड्रॉवरच्या मागे येणार नाही ना, ते नकाशावर पेन्सिलने काढून बघा. हसू नका, गेल्या महिन्यात एका बंगल्यात तीन सॉकेट कपाटाच्या पाठीमागे कायमचे गेले.

आणि ३ लाखांच्या वर अजून ३० हजार बाजूला काढून विसरून जा.

---

निव्वळ वाचक | २१ जानेवारी, दुपारी ३:२०

वाचनखूण साठवली आहे. धागाकर्तीने काम झाल्यावर खर्च टाकावा ही विनंती. असे धागे नेहमी "धन्यवाद, कळवते" वर मरतात.

---

अर्धा नारळ | २ जून, रात्री ९:३०

कळवते म्हटलं नव्हतं, तरी कळवतेय. काम परवा संपलं. बाहेर आभाळ भरून आलंय आणि आम्ही वेळेत आत आलो.

एकूण ३ लाख ३३ हजार.

कॅबिनेट, दारं, ड्रॉवर, पॅनल, पट्ट्या, प्लिंथ, सगळं मिळून १,५६,४००. सिंकचा सांगाडा वगळून सुद्धा एवढे, कारण सोलकढीताई म्हणाल्या ती टोकाची पॅनलं. म्हणजे ज्याच्या किमतीवरून मी जानेवारीत उड्या मारत होते ते एकूण खर्चाच्या निम्मंही नाही.

सर्वांत टोचलं ते भिंतीचं. जुना ओटा तोडून माती-विटा हलवायला १४ हजार, आणि पोट काढलेली भिंत सरळ करून, पश्चिमेला बाहेरून गिलावा करून, आत टाइल लावायला ३८,६००. हा आकडा माझ्या मूळ कागदावर शून्य होता. प्लंबिंग १९,२००, कारण जुना लोखंडी पाइप भिंतीत हात लावताच पापडासारखा तुटला. वायरिंग १६,८००. ग्रॅनाइट कापून, कड गोल करून, बसवून २१,५००. सिंक आणि नळ १३,८००, बिलावर ३०४ लिहून घेतलं. पुण्याहून टेम्पोत भागीने माल आला त्याचे ११,५००. जोडायला दोन मुलं तीन दिवस, १८ हजार. मेस्ताचं सिंकखालचं खोकं ९,५००. मागच्या पडवीत मासळीचा सिंक ७,४००. तो स्वस्तात झाला कारण जुन्या ओट्याचेच चिरे त्याला पाय म्हणून लावले. आणि ६,३०० बाहेरच्या जेवणाचे. पडवीत शेगडी मांडली होती, तरी भाजीपाव मोजून आणावाच लागला.

३० हजार बाजूला काढून विसरले होते, ते आठवले आणि संपले. वरचे ३ हजार सासूबाईंनी दिले, पडद्यामागच्या डब्यातून. आता कळलं तिथे काय होतं.

एक फजितीही सांगते. उंच कपाटाच्या खोक्यात दोन्ही बाजू डाव्याच निघाल्या. उजवी बाजू पुण्याहून यायला १९ दिवस लागले. फोनवर मुलगी गोड आवाजात रोज "उद्या डिस्पॅच" म्हणायची. वाळपईकर, "फाल्यां येतां" ही फक्त मेस्तांची मक्तेदारी नाही. तोवर पुरुमेंत पुन्हा टेबलाखालीच. पण खोकी आल्या दिवशी मोजली म्हणून निदान मे संपायच्या आत निस्तरलं.

मेस्ताने सुरुवातीला जोडणीला साफ नकार दिला होता, "हें भुरग्यांचें खेळणें" (पोरांचं खेळणं) म्हणून. म्हणून तर बाहेरची मुलं आणावी लागली.

---

कडप्पावादी | २ जून, रात्री १०:१०

अभिनंदन ताई. हिशेब चोख. ३ लाख ३३ हजारांत माझे तीन कडप्प्याचे ओटे झाले असते, पण ते असो. पावसाळ्यानंतर परत लिहा, तेव्हा बोलू.

---

पोईभाजी | ३ जून, सकाळी ७:५०

सासूबाईंना उंची जमली का?

---

अर्धा नारळ | ३ जून, सकाळी ९:१५

८२ वर आणली, पाय आत फिरवून. चपात्या त्यांच्या, पोळपाट माझ्यासाठी बुटका. मी २ इंचांचा लाकडी पाट खाली घेते. घरात बहुमत त्यांचं.

---

अर्धा नारळ | ११ ऑक्टोबर, रात्री ८:४५

काकांनी बजावलं होतं म्हणून.

चार महिने पाऊस खाऊन झाला. सिंकखालचं खोकं कोरडं. गणपतीत एकदा नळाचा जोड गळला, पाणी दोन दिवस आत साचलं असणार, पुसलं आणि संपलं. लांब भिंतीवरच्या कपाटांपैकी कोपऱ्याकडच्या एकाच्या पाठीला पांढरट बुरशी आली. ते पश्चिमेच्या भिंतीला टेकलंय. पाठीची फळी पातळ आहे, भिंतीपासून बोटभर अंतर ठेवायला हवं होतं. व्हिनेगरने पुसून, आता दार रोज तासभर उघडं ठेवते. दोन दारं जुलैत एकमेकांना घासायला लागली होती. बिजागरीचा पुढचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला की सुटतात, पण फार वेळा फिरवत नाही.

पुरुमेंताचं कपाट भरलं आणि सोलांचा वास त्याला कायमचा लागला. ही तक्रार नाही.

मेस्त चवथीला दर्शनाला आला होता. आरती झाली, पंचखाद्य घेतलं आणि सरळ स्वयंपाकघरात. खालचा मोठा ड्रॉवर ओढला, सोडला. तो शेवटच्या बोटभर अंतरात स्वतःच हळू आत गेला. त्याने परत ओढला. तीनदा. मग खाली वाकून आत हात घातला, चाचपलं आणि मला विचारलं, "ह्या चॅनलाचें नांव कितें?" खोक्यावरचं लेबल फाडून त्याला दिलं. शर्टाच्या खिशात ठेवलं.

---

सोलकढी दोन वाट्या | ११ ऑक्टोबर, रात्री ९:२०

तुमच्या मेस्ताचा नंबर व्यनि (खासगी निरोप) करा. माझ्या सिंकखाली अजून भुसाच आहे.

---

निव्वळ वाचक | १२ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

धागा मेला नाही, आभार. एक शंका: प्लिंथच्या क्लिपा सुट्या मिळतात का? आमच्या मांजरीने आतून दोन तोडल्या.

---

अर्धा नारळ | १२ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

हार्डवेअरच्या दुकानात पाय आणि क्लिप जोडीनेच देतात, सुटी क्लिप मिळाली नाही. पायाचा एक तुकडा नमुना म्हणून खिशात घालून जा, जाडी वेगवेगळी असते. @सोलकढी, व्यनि केलाय. दिवाळीआधी मिळणार नाही, त्याने दोन स्वयंपाकघरं घेतलीत, दोन्ही ड्रॉवरवाली.